माळ घातली होती का?

"खिडकीकडे बघा. आता खाली." एवढं बोलून सिस्टर अंगठ्याने समोरच्याची वरची पापणी हलकेच उचलायच्या आणि मान तिरकी करून डोळ्यातलं पांढरं न्याहाळायच्या. मग समोर पेशंट असो, पेशंटचा जावई असो, की पाण्याचे जार आणून देणारा. मी तर रोज तावडीत सापडायचो. ट्यूबलाइटमध्ये पिवळं दिसत नाही, त्याला दिवसाचा उजेड लागतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येकाला आधी रस्त्याकडच्या खिडकीशी न्यायच्या. कसे आहात, काय म्हणताय, हे सगळं त्यानंतर. आणि मग तो प्रश्न. "माळ घातली होती का कधी?"

पनवेलला एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर आमचं छोटं डे-केअर आहे. कर्करोगाची औषधं सलाइनमधून देण्यासाठी आठ खुर्च्या, आठवड्यातून तीन दिवस येणारे एक डॉक्टर, आणि सिस्टर. तळमजल्यावर माझी लॅब. सकाळी मी वर जाऊन पेशंटचं रक्त काढतो, खाली येऊन तपासतो, आणि रिपोर्ट बरा असला तरच वर औषध लागतं.

एकच वाक्य कायम तोंडी असणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांची नक्कल करतो आणि चहाबरोबर हसतो. मीही सिस्टरची नक्कल करायचो, आणि बरी करायचो. आता करवत नाही. या प्रश्नाने त्यांनी कितीतरी माणसं वाचवली आणि याच प्रश्नावर विसंबून स्वतः गेल्या. त्यांचं रक्त मी काढलं होतं. त्यामुळे हे सांगणं माझ्याकडेच येतं.

प्रश्नाची गंमत अशी की निम्म्या लोकांना तो कळायचाच नाही. पळस्प्याकडच्या एका आजींनी सिस्टरकडे रागाने बघितलं होतं. "माळ कशी घालणार बाय? मच्छीबिगर माजा घास उतरत नाय."

"ती माळ नाय ओ आजी. काविळीची. डोक्यावर ठेवतात ती."

"ती व्हय? ती घातली की. दोनदा."

सिस्टर माझ्याकडे बघून भुवया उडवायच्या. म्हणजे, लाव दुसरी चाचणी.

सिस्टरचं गाव शिरढोणच्या पुढे. त्या आगरी. डॉक्टरांशी इंग्रजी शब्द पेरत बोलायच्या, माझ्याशी शहरी मराठीत, आणि गावाकडचं माणूस खुर्चीत बसलं की त्यांची जीभ आपोआप घरी जायची. आमच्या बाजूच्या गावांतून कावीळ झाली की आजही पुष्कळ लोक माळ घालतात. झाडाच्या ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफून केलेलं एक कडं. ते डोक्यावर ठेवायचं. दिवसागणिक ते लांबत जातं, डोक्यावरून गळ्यात येतं, छातीवर येतं, आणि गुडघ्याखाली गेलं की कावीळ उतरली.

"काड्या वाळल्या की दोऱ्याच्या गाठी सैल पडतात," सिस्टरनी मला एकदा समजावलं होतं. "म्हणून लांबते. खिळ्याला टांगलीस तरी लांबेल."

"मग पेशंटना सांगत का नाही तसं?"

"सांगितलं की ते माळेबद्दल बोलायचे बंद होतील. मला त्यांचं तोंड उघडं पाहिजे."

हा प्रश्न सुरू होण्याआधी त्या सगळ्यांसारखंच विचारायच्या, कावीळ झाली होती का. फॉर्मवर तसा रकानाच होता. उरणकडचा एक तरुण मुलगा, मानेत गाठी आलेला, त्याने नाही सांगितलं. सिस्टरनी नाही लिहिलं. उपचार छान लागू पडले, गाठी विरल्या, घरच्यांनी पेढे आणले. चार-पाच महिन्यांनी तो पिवळाजर्द होऊन आला आणि पंधरवड्यात गेला. त्याची आई जिन्यात बसून म्हणाली, "लहानपनी झालेली कावीळ, पन ती माळंवर उतरली होती ना. मग ती कशी धरायची?"

तिचं काही चुकलं नव्हतं. उतरली म्हणजे गेली, आणि गेलेल्या गोष्टीबद्दल कोण कशाला सांगेल. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी कोऱ्या फॉर्मवर 'कावीळ' या रकान्याखाली पेनाने लिहिलं, 'माळ:'. पुढे त्याच फॉर्मच्या झेरॉक्स निघत राहिल्या आणि त्यांचं अक्षर छापल्यासारखं प्रत्येक पेशंटच्या फाइलीत गेलं.

आता ती दुसरी चाचणी काय, ते सांगतो. माझा विषय आहे, पण माझ्यापेक्षा सिस्टरच बरं सांगायच्या. कावीळ पुष्कळ कारणांनी होते आणि माळवाल्यांतल्या बऱ्याच जणांची ती साधी, पाण्यातून आलेली असते. पण एखाद्याची 'बी' नावाच्या विषाणूची असते. पहिली चाचणी सांगते, तो विषाणू आज रक्तात उघडपणे फिरतोय का. दुसरी सांगते, तो आयुष्यात कधी अंगात शिरला होता का.

"पावना गेला असा तुमाला वाटते," सिस्टर पेशंटला सांगायच्या. "पन तो जात नाय. माळ्यावर जाऊन झोपतो. घरातली मानसं, म्हंजे अंगातली ताकद, जागी हायेत तवर गुपचूप ऱ्हातो. आमच्या या औषधानं घरातली मानसंच झोपतात. मग तो खाली येतो."

"मग ओ सिस्टर?"

"मग ही गोळी. ही शिडी काढून घेते. रोज एक. औषध संपलं तरी घ्यायची. दीड वर्ष, दोन वर्षं, डॉक्टर बंद म्हणेपर्यंत. घरातली मानसं पुरती जागी झाली पायजेत, त्याआधी शिडी लावायची नाय."

या गोळीला आमच्याकडे सगळे शिडीची गोळी म्हणतात. मेडिकलवाला सुद्धा म्हणतो.

गोळी सुरू करणं सोपं होतं, चालू ठेवणं कठीण. बाजारात कुलपं आणि कड्या-कोयंड्यांचं दुकान असलेले एक चाचा होते. माळ त्यांनीही घातली होती आणि दुसरी चाचणी पॉझिटिव्ह आली होती. गाठींचा आजार बरा झाला आणि त्यांनी परस्पर गोळी सोडली. पुढच्या तपासणीत त्यांच्या यकृताचे आकडे चढलेले दिसले. मी फोन करू म्हणालो. सिस्टरनी चपला घातल्या. आम्ही भर दुपारी त्यांच्या दुकानात.

"सिस्टर, अल्लाच्या मेहेरबानीने इलाज मुकम्मल झाला. आता गोळी कशाला?" चाचा म्हणाले.

"इलाज झाला. पाहुणा वरच आहे." सिस्टरनी पर्समधून गोळी काढून काउंटरवर ठेवली. "गिळा. मी बघते."

गिऱ्हाइकं थांबली होती. चाचांनी गोळी गिळली, वर तोंड उघडून दाखवलं. तीन आठवडे सिस्टर रोज जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन उभ्या राहिल्या. आकडे उतरले. चाचा आजही ठणठणीत आहेत.

आता आमची चूक सांगतो. दुसरी चाचणी माझ्याकडे होत नव्हती. नमुना मुंबईला जायचा, रिपोर्टला दोन दिवस लागायचे. लांबून आलेल्या पेशंटला पुन्हा फेरी, औषध पुढे ढकलायचं, घरच्यांची कुरकुर. मीही कुरकुर करणाऱ्यांतलाच. म्हणून डॉक्टर, सिस्टर आणि मी, आम्ही तिघांनी एक नियम करून टाकला. पहिली चाचणी सगळ्यांची. दुसरी फक्त माळवाल्यांची. पुस्तकात असं नव्हतं. पुस्तकात होतं, दुसरीही सगळ्यांची करा, कारण हा विषाणू पुष्कळदा कावीळ न होताच येतो आणि ज्याच्यात आला त्याला पत्ताही लागत नाही. आम्हाला ते ठाऊक होतं. पण सिस्टरच्या प्रश्नाने इतकी माणसं सापडत होती की आम्हाला तो प्रश्नच चाचणी वाटायला लागला होता.

सिस्टरना संधिवात होता. बोटांचे सांधे सुजायचे, सकाळी गुडघे वाकायचे नाहीत. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्याच. त्या पुरेनात, तेव्हा त्यांच्या सांध्यांच्या डॉक्टरांनी सलाइनमधलं एक औषध सुचवलं. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन वेळा. योगायोग असा की गाठींच्या पेशंटना आम्ही जे लावायचो, तेच.

"आपलंच औषध," सिस्टर हसत म्हणाल्या. "आपल्याच खुर्चीत घेते. कुठे मुंबईला जाऊ?"

फॉर्म त्यांनी स्वतः भरला. कावीळ: नाही. माळ: नाही. लस: हो, तिन्ही डोस. सरकारी नोकरीत असताना सगळ्या नर्सेसना 'बी'ची लस दिली होती. पाहुणा आधीच घरात शिरलेला असेल तर लशीचा काही उपयोग नसतो, पण देताना तेव्हा कोणी तपासलं नव्हतं.

मी दंडाला पट्टा बांधला. पहिली चाचणी मी केली, ती निगेटिव्ह आली. ते सांगायला वर गेलो आणि सहज म्हणून विचारलं, "दुसरी पण पाठवू का?"

"कशाला? मी माळ घातलेली नाही. आई सांगायची, आम्हा चौघा भावंडांत तिघांना कावीळ झाली, मला एकटीला शिवली नाही. वाघीण म्हणायची मला." मग हाताची सुजलेली बोटं माझ्यापुढे धरली. "दोन दिवस कुठे थांबवतोस? भाच्याच्या हळदीला महिनाच आहे. मला नाचायचंय."

खाली लॅबच्या ट्रेमध्ये त्यांच्या रक्ताची नळी होती. दोन थेंब बाजूला काढून पाठवले असते तर त्यांना कळलंही नसतं. पाठवले नाहीत. आमचा नियम होता ना.

हळदीत त्या नाचल्या. मला फोनवर व्हिडिओ दाखवला. आगऱ्यांच्या हळदीचा तो दणका, बेंजोचा कल्ला, आणि त्यात कपाळापासून कोपरापर्यंत पिवळ्या झालेल्या सिस्टर दोन्ही हात वर करून नाचतायत. मीही म्हटलं, औषध लागू पडलं. महिन्याला यकृताची तपासणी करायची होती. पहिल्या दोन मी केल्या, आकडे बरे होते. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, बघू पुढच्या आठवड्यात. मग तो आठवडा पुढे सरकत गेला, आणि मी मागे लागलो नाही.

मग त्या डबा न संपवता परत न्यायला लागल्या. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायच्या. विचारलं तर म्हणायच्या, वय झालं, स्टिरॉइडने असंच होतं. वास नको वाटतो म्हणाल्या, मच्छीचा सुद्धा. आगरी बाईला मच्छीचा वास नको वाटतो हे ऐकून मी थट्टा केली. त्याची आज लाज वाटते.

एका सकाळी चाचा नेहमीच्या तपासणीला आले. सिस्टरनी त्यांना खिडकीशी नेलं. मी मागे सुई-नळ्या मांडत होतो. "खिडकीकडे बघा. आता खाली." अंगठ्याने पापणी उचलली. खिडकीतून ऊन येत होतं, दोघांच्या तोंडावर. चाचांनी मान मागे घेतली. मग हळूच म्हणाले, "सिस्टर, माझे राहू द्या. तुमचे डोळे जर्द दिसतायत."

सिस्टरनी हात खाली घेतला. माझ्याकडे वळल्या. मी पाहिलं. त्यांच्या घरी आरशावर ट्यूबलाइट आहे.

लॅबमध्ये आल्या, न सांगता खुर्चीत बसल्या आणि बाही वर केली. माझी सुई त्या दिवशी पहिल्यांदा चुकली. त्यांनी दुसरा हात पुढे केला. पहिल्या चाचणीचं कार्ड मी टेबलावर ठेवलं, त्यावर थेंब टाकले. एक रेघ म्हणजे निगेटिव्ह, दोन म्हणजे पॉझिटिव्ह. पंधरा मिनिटं थांबायचं असतं. आम्ही दोघं ते कार्ड बघत बसलो. मी मनात म्हणत होतो, साधी असू दे, पाण्यातली असू दे.

"एकच आहे ना?" त्यांनी विचारलं. चष्मा वर विसरला होता.

दुसरी रेघ उमटायला पाच मिनिटंही लागली नव्हती. मी कार्ड त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, खाली ठेवलं.

"पण मी माळ घातली नव्हती रे," त्या म्हणाल्या.

तिघा भावंडांच्या अंगावर पिवळं फुटलं होतं. या चौथीच्या घरात पाहुणा आवाज न करता शिरला आणि थेट माळ्यावर गेला. माझा हा अंदाज आहे, सिद्ध करता यायचा नाही. पण तेव्हा आम्ही दोघांनी एकाच वेळी तो केला, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

डॉक्टरांनी तासाभरात खारघरच्या पुढच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सोय केली. निघण्याआधी सिस्टरनी स्वतःच्या ड्रॉवरमधून, विसरभोळ्या पेशंटसाठी ठेवलेली शिडीची गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली. पाहुणा खाली उतरून बसल्यावर शिडी काढून फारसं काही होत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं.

हॉस्पिटलात रोज सकाळी रक्त तपासत. आता आकड्यांची वाट बघणारा मी झालो होतो. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघतात, तो वेळ वाढत गेला की यकृताने हात टेकले समजायचं. पहिल्या दिवशी थोडा वाढला. दुसऱ्या दिवशी आणखी. यकृत बदलण्याची गोष्ट निघाली. तो हळदीतला भाचा तपासणीला तयार होऊन बसला होता.

तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी, पदराआडून स्टीलचा डबा काढला. डब्यात ओल्या फडक्यात माळ होती. तिथली तरुण नर्स पुढे आली. "आजी, हे इथे चालत नाही."

"असू दे सिस्टर," आमच्या सिस्टर पडल्या पडल्या म्हणाल्या. "सुईच्या वाटेत येत नाही ती."

अक्कांनी माळ धाकट्या बहिणीच्या डोक्यावर ठेवली. केसांवरून हात फिरवत माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आमी तिघांनी तवाच घातली. हिचीच तेवढी रायली होती."

सिस्टर हसल्या. ओठ सुकलेले होते. मला म्हणाल्या, "फॉर्मवर नीट कर. माळ: हो."

मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन जिन्यात उभा राहून रडलो. पन्नाशीच्या माणसाने हॉस्पिटलच्या जिन्यात रडू नये असं काही नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी त्यांचं बोलणं तुटायला लागलं. वार चुकायचे, मला दुसऱ्याच नावाने हाक मारायच्या. माळ डोक्यावरून गळ्यात आली होती, छातीपर्यंत. मी जवळ वाकलो तर त्यांनी हात उचलला. सलाइनची नळी ओढली गेली म्हणून मी तो धरायला गेलो, पण त्यांना माझी पापणी पाहिजे होती. अंगठ्याने उचलली. त्या खोलीला खिडकी नव्हती, वर ट्यूबलाइट होती.

"पांढरे आहेत," त्या म्हणाल्या आणि हात खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला.

आता दुसरी चाचणी सगळ्यांची होते. माळ घातलेल्यांची, न घातलेल्यांची, लस घेतलेल्यांची. दोन दिवस थांबावं लागतं. कोणी कुरकुर केली तर मी त्याच्याशी भांडतो, आणि मला चांगलं भांडता येतं. फॉर्म मात्र तोच आहे, सिस्टरच्या अक्षरातल्या 'माळ:' सकट. त्यांच्या स्वतःच्या फॉर्मवर मी 'नाही' खोडून 'हो' लिहिलं, आणि खाली माझी सही केली.

बाराव्याला मी त्यांच्या गावी गेलो. चाचाही आले होते, मागे बाकावर बसून होते. अक्कांनी मला आतल्या खोलीत नेलं. सिस्टरच्या फोटोशेजारी भिंतीला एक खिळा होता आणि हॉस्पिटलातून परत आलेली ती माळ त्यावर टांगली होती. काड्या पार वाळल्या होत्या, गाठी सैल पडल्या होत्या. ती माझ्या गुडघ्याच्याही खाली पोचली होती.

अक्कांनी वाकून तिचं खालचं टोक हातात घेतलं आणि मला दाखवलं.

"बघ," त्या म्हणाल्या, "आता उतरली."

मी हो म्हणालो.